भाषेचा रकाना

दाखलनोंद अकरा हजार दोनशे चार.
पुठ्ठा दमट, कडेला डिझेलचा डाग.
देणगीदार मुनाफ हुर्जुक, राहणार राजपुरी,
बोटीवर मोटरमन.
होनोलुलूच्या धक्क्यावर क्रेन तीन दिवस बंद होती,
तेव्हा कुणी फुकट वाटत होतं, म्हणाला.
“मना एवढं वाचता नाय येत. तू ठेव.”

हवाई बेटांवरचं निवडक लेखन.
नाव लिहिलं, पानं लिहिली, किंमत निरंक.
पुढे भाषेचा रकाना.

इंग्रजी, म्हणून पेन टेकवलं
आणि सहज मधलं पान उघडलं.
इंग्रजीच होती, पण अनवाणी,
क्रियापदं वाटेत सांडत आलेली
जसे पाटीतून बोंबील.
उसाच्या मळ्यातली माणसं बोलत होती,
जपानी, चिनी, कोरियन, फिलिपिनो,
गळ्यात नंबराचा बिल्ला, घोड्यावर मुकादम,
आणि शेजारच्या सरीतल्याला पाणी मागायचं
तर कुणाच्या भाषेत मागायचं?
जी सापडली तिच्यात.

पोर्तुगीजही होते.
तिकडे ते कुदळ घेऊन उतरले,
इकडे कोर्लईला तोफा घेऊन.

शेवटच्या पानांवर कठीण शब्दांचे अर्थ.
कालो : एक कंद.
मी हसले. अळू!
आमच्या नहाणीच्या पाण्यावर वाढतं ते.
उलू म्हणजे नीरफणस. हाला म्हणजे केवड्याच्या जातीतलं,
पानांच्या चटया विणतात.
एका बाईने लिहिलंय, अळू आमचा थोरला भाऊ,
त्याचं भांडं उघडं असताना घरात भांडू नये.
आम्ही थोरल्या भावाचं फदफदं करतो
आणि भांडत भांडत जेवतो.

मग उठून आमचं कोकणचं कपाट पाहिलं.
आंबा लागवड, किल्ल्याच्या माहितीपुस्तिका (तीन प्रती),
माशांचे शंभर प्रकार, लेखिका दादरच्या.
राजपुरीची बोली नाही. कोळीवाड्याची नाही.
कोपऱ्यात शॅलोम नांदगावकरांचं कपाट,
त्यात म्हणे त्यांच्या आजोबांच्या कीर्तनांच्या वह्या,
मोशेची गोष्ट, ओवीत.
किल्ली अश्दोदला.
कुलूप तोडायला ठराव लागतो,
ठरावाला गणसंख्या लागते.

सेवेरीन वेगस कोर्लईहून बँकेच्या कामाला येतात,
बस येईपर्यंत आमच्याकडे पेपर चाळतात.
त्यांना दोन पानं मराठी करून सांगितली.
ऐकता ऐकता चष्मा काढला.
“आमची नॉ लिंग कोण लिहितो?
शाळेत मराठी, देवळात मराठी,
आमचं ते फक्त घरातलं, आणि शिव्या.”
“शिव्या तरी लिहा,” मी म्हटलं.
बस आली.
पुस्तक घेऊन गेले. आठ दिवसांची मुदत.

कर्णिकसाहेब म्हणाले, रकाना रिकामा नको,
ऑडिट आहे.
मी शिसपेन्सिलीने लिहिलं : विचारून कळवते.
ऑडिटरने किंमत निरंक का एवढंच विचारलं.

पुस्तक एक्केचाळिसाव्या दिवशी परत आलं.
मागच्या पानांवर, अर्थांच्या शेजारी
पट्टीने आखलेला नवा रकाना,
त्यात देवनागरी, थरथरत्या हातची.
नातीने इंग्रजी वाचून दाखवलं,
त्यांनी आपले शब्द घातले.
समुद्र. मीठ. जावई. उष्टं. भरती.
काही ठिकाणी दोन शब्द, मधे प्रश्नचिन्ह.

पुस्तकात लिहिल्यास दंड पाच रुपये.
पावती फाडली, पैसे मीच भरले.

अळूपुढे मात्र कोरं होतं.
विसरलात का, म्हणून विचारलं.
“बायकोलाही आठवेना,” म्हणाले,
“आईला ठाऊक होतं.
ती रोज म्हणायची,
आणि आम्ही नुसतं खायचो.”