गोलमागे पाचशे

टेबल माझं, पावतीपुस्तक माझं,
डबाही माझ्याच घरचा. आधी त्यात करडईचं तेल असायचं,
नोटांना अजून वास येतो.
पार्सल ऑफिसात तेहतीस वर्षं वजनं लिहिली
म्हणून हिशेब माझ्याकडे.
फुटबॉल मला कळत नाही.
कळतं एवढंच, की मणियारशेठ माइकवर बोलून गेलेत:
गोलमागे पाचशे.

पूर्णा जंक्शन, रेल्वेचं मैदान.
गोलचे खांब जुन्या रुळांचे,
जाळी भोयांकडून मागून आणलेली,
काळ्या मातीला जानेवारीतच भेगा.
चेंडू भेगेत पडला की कुठं उडेल
मारणाऱ्यालाही ठाऊक नसतं.
यार्डात इंजिनानं शिट्टी दिली
की बावीसच्या बावीस पोरं थांबतात,
आणि रिटायर गार्ड फ्रान्सिस हात हलवत ओरडतात,
"माझी नव्हती! खेळा!"

आठ संघ आले. सेलूचे टेम्पोत,
मुदखेडचे पॅसेंजरनं, दोन तास लेट.
मानवतकरांकडे बूट कमी,
एक पोरगा बाहेर आला की काठाशी बसून
दुसऱ्याला लेस सोडून द्यायचा,
तोवर सगळे उभे. कुणी हरकत घेतली नाही.
दोन दिवसांत एकतीस गोल.
पंधरा हजार पाचशे, मी लाल शाईनं लिहिले.

पैसे कशाला, ते सगळ्या गावाला ठाऊक:
डायलिसिसचे आमचे नऊजण
आठवड्यातून तीनदा नांदेडला जातात,
परतीची गाडी चुकली की रात्रभर फलाटावर,
उशाला फाईल.
त्यांच्यासाठी जुनी व्हॅन ठरवलीय.
सगळं धरून कमी पडत होते दोन हजार.
म्हणजे चार गोल.
एवढं गणित शेंगा विकणाऱ्या पोरानंही केलं.

फायनल. लोकोशेड आणि वसमत.
लोकोशेडच्या गोलात शीलवंत खिल्लारे,
रात्रपाळीचा पॉइंट्समन. त्याची बहीण विशाखा
त्या नवांतलीच एक.
वसमतचा पहिला फटका त्यानं उजवीकडं झेपावून काढला.
टाळ्या.
दुसरा काढला. थोड्या टाळ्या.
चौथ्याला मागून कुणीतरी म्हणालं,
"सोड की लेका एखादा!"
मग पाण्याच्या टाकीवरून, "एक तो छोड दे मामू!"
मग सगळंच मैदान.
खोटं कशाला बोलू,
पेन उघडं धरून मीही पुटपुटलो, सोड.

विशाखा खुर्चीवर बसली होती, डाव्या हाताला पट्टी.
ती काही ओरडली नाही.
भाऊ उठून गुडघ्यावरची माती झाडायचा
तेव्हा फक्त बघायची,
कुठं खरचटलं.

शून्य-शून्य.
मग पेनल्टी. लोकोशेड चार, वसमत तीन,
फटाके, गुलाल, कुणाच्या तरी चपला हवेत.
शेठ टेबलाशी आले, चेकबुक हातात.
"हे सात धरायचे ना?"
फ्रान्सिसनी खिशातनं पुस्तक काढलं,
चष्मा पुसला, पान शोधलं,
पुन्हा एकदा वाचलं.
"निकाल लागला. गोल धरत नाहीत."
लोक त्यांच्या अंगावर गेले.
फ्रान्सिस म्हणाले, "चाळीस वर्षं सिग्नल बघितलाय मी.
लालला हिरवा कसा म्हणू?"

मी लिहिलं: फायनल, गोल शून्य, रुपये शून्य.

दिवे लागले. मंडप सुटायला लागला.
मुंजाजी बोखारे आला, वसमतचा हरलेला कप्तान,
खांद्यावर अर्धं पोतं.
संघातल्या पोरांनी फोन करून
घरोघरची हळद टेम्पोनं मागवली होती.
"काका, वजन करा."

वजन.
पार्सल ऑफिसातनं जुना काटा आणवला,
भर पालथी घातली, झाडली, मगच ठेवली.
चौदा किलो. बाजारभावानं एकोणीसशे साठ.
शेठनी पोतं तिथंच घेतलं, मोजून पैसे दिले,
एक रुपया जास्त नाही, एक कमी नाही.

चाळीस राहिले.
मी पान उलटायला गेलो तर बोट पिवळं,
लाल शून्याच्या आत उमटलेलं.
तेवढ्यात शीलवंत कप काखेत मारून
टेबलाशी येऊन उभा. मान खाली.
"काका, रागावला का?"
मागून विशाखा म्हणाली,
"त्यांना काय विचारतोस? चल, कोपराला आयोडिन लाव.
सकाळी सहाची गाडी आहे."