सव्वा इंच

काचेची जाडी सव्वा इंच.
आमच्याकडे सव्वा म्हणजे शुभ,
सव्वा रुपया दक्षिणा, सव्वा किलो रव्याचा प्रसाद.
बाल्टिमोरात, बिडल स्ट्रीटच्या कोपऱ्यावर
सव्वा इंचात नऊ मिलिमीटरची गोळी अडते,
रायफलचं काही सांगता येत नाही,
असं काच बसवणारे कोवाल्स्की म्हणाले
आणि मॅनहोलवर बसून सँडविच खाल्लं.

मी आत. औषधं आत, गल्ला आत.
बाहेर सगळा मोहल्ला.
मधे तळहाताएवढी जाळी, खाली फिरता ट्रे.
आधी पैसे येणार, मग गोळ्या जाणार.
बोलायचं तर दोघांनी वाकायचं,
त्यामुळे कित्येक वर्षं मी माणसं कपाळांवरून ओळखायचे.

अर्नेस्टीन व्हिटलॉकबाईंचं कपाळ रुंद, शांत.
ब्लडप्रेशर एकशे ऐंशी, तरी दर शनिवारी
दारासमोरच्या तीन संगमरवरी पायऱ्या
गुडघ्यांवर बसून घासायच्या.
शेजारची चार घरं फळ्या ठोकून बंद,
त्यांच्या पायऱ्या तेवढ्या पांढऱ्या.
गोळ्या न्यायला नातू यायचा, लमॉन्ट.
सुट्ट्या पैशांबरोबर ट्रेमध्ये
मी एक पेपरमिंट ठेवायचे.

सहा मार्च, संध्याकाळ, पावणेसात.
लमॉन्ट नाणी मोजत होता. सात सेंट कमी पडत होते.
असू दे, मी म्हणत होते,
तेवढ्यात बाहेर तीन आवाज.
दिव्याच्या खांबाशी पडलेला पोरगा ट्रेव्हन,
आणि पळत गेलेली एक पाठ,
लाल जाकीट, डावा पाय किंचित ओढणारी.
लमॉन्ट काचेच्या बाहेर
माझ्याकडे बघत उभा. सोळा वर्षांचा.
आत घे, असं तोंडाने नाही म्हणाला.
तसंही दार माझ्याकडूनच उघडायचं.

खांबाला फुगे बांधले गेले, टेडी बेअर, मेणबत्त्या.
दुकानासमोर तीन संध्याकाळी
नंबरप्लेट नसलेली गाडी उभी राहिली.
माझी मुलगी तेव्हा तिसरीत, चालत घरी यायची.
वकील आला, घामाघूम, स्वस्त टाय.
पावणेसातला तो तुमच्यासमोर होता ना?
रोज दोनशे लोक येतात, मी म्हणाले.
काचेतून नीट दिसत नाही.

नीट दिसलं होतं.

व्हिटलॉकबाई नंतरही आल्या, सात वर्षं.
वाकायच्या, पैसे सरकवायच्या.
एक शब्द नाही.
पेपरमिंट ट्रेमध्येच परत यायची.

आता त्या पायऱ्यांवर लॅव्हेंडरच्या कुंड्या आहेत.
घर चार लाखांना गेलं म्हणे.
खांबाला सायकली बांधतात.
मी दुकान विकलं; नव्या मालकाचं वय एकतीस,
त्याने मला पगारावर ठेवलं आणि
पहिल्या आठवड्यात काच काढली.
ग्राहकांना परकं वाटतं, म्हणाला.
चार माणसं लागली उचलायला.
काउंटरवर तिच्या जागी एक खाच राहिली आहे,
तिच्यात धूळ बसते, मी कापसाने काढते.

परवा दुपारी एक माणूस आला.
दाढी पांढरट, हातात प्लास्टिकची पिशवी.
रांगेत उभा राहिला, नंबर आल्यावर
पुढे झाला आणि वाकला,
जिथे जाळी होती बरोब्बर तिथे.
मीही वाकले.
दोन कपाळं, मधे काही नाही.
कपाळ रुंद होतं.

निकोटिनचे पॅच आहेत का, त्याने विचारलं.
मी वळले, उगाच वेळ लावला,
चुकीच्या फळीवर शोधत राहिले.
मागच्या बाईचं कुत्रं कंटाळून फरशी चाटू लागलं.
चोवीस वर्षं मी जे वाक्य
मराठीत, मग इंग्रजीत, मग पुन्हा मराठीत जुळवत होते
ते जिभेपर्यंत आलंसुद्धा.

एकतीस डॉलर, मी म्हणाले.
केवढ्याने म्हणाले,
जणू काचेपलीकडे ऐकू जायला हवं.