ब आणि ग यांच्या मध्ये

पडद्यावरच्या मुलीचे ओठ म्हणत होते ग.
हेडफोनमधून येत होता ब.
आणि मँचेस्टरच्या त्या बिनखिडकीच्या खोलीत
माणसामागून माणूस मला सांगत होता: द.

द कुणीच म्हटला नव्हता.
एक ओठांवरचा, एक कंठातला,
मेंदूने दोघांचं भांडण
दातांपाशी आणून मिटवलं होतं.
मी तक्त्यात खुणा करत होतो.

मग आल्या विनिफ्रेड एंटविसल, वय चौऱ्याऐंशी,
नेल्सनच्या कापडगिरणीत बत्तीस वर्षं.
कोट काढला नाही. चहा नको म्हणाल्या.
पडद्याकडे पाहिलं आणि ठणकावून: "ग."
पुन्हा लावलं. "ग."
आवाज वाढवला.
"गच. आणि बाळा, ही पोरगी
तोंडाने एक बोलते, पोटातून दुसरंच.
आमच्या खात्यात टिकली नसती.

सहाशे माग एकदम धडधडायचे.
डबा घेऊन यायचो, कान घरी ठेवून.
कुणाचं जमलं, कुणाला दिवस गेले,
कुठल्या जॉबरपासून चार हात लांब राहायचं,
सगळं ओठांवर, मागांच्या रांगेपलीकडून.
जबडा असा ओढायचा,
अक्षर ताण्यासारखं ताणायचं,
तुटू द्यायचं नाही."

त्यांच्यासाठी तक्त्यात रकाना नव्हता.
समासात लिहिलं: अपवाद.

पुढच्या वसंतात सगळ्यांचेच ओठ झाकले गेले.
दुकानात, दवाखान्यात, बसमध्ये
विनिफ्रेड एका आठवड्यात ठार बहिऱ्या झाल्या.
कान तेच होते.

जूनमध्ये पत्र आलं, निळ्या शाईत:

"कोल्नच्या वृद्धाश्रमाच्या बागेत उभी होते.
काचेच्या आत ग्वेंडा.
आठ नंबरच्या मागावर ती, नऊवर मी.
आत चेहऱ्यावर काही नव्हतं तिच्या,
मीही माझं फडकं हनुवटीखाली ओढलं.
बाकीच्यांची मुलं काचेला फोन टेकवून ओरडत होती,
काय? काय म्हणालीस?
आम्ही तासभर निवांत बोललो.
ढेकळातल्या गुलाबांबद्दल, तिच्या मेलेल्या भावाबद्दल,
तिथल्या बेचव सूपबद्दल.
नर्सला वाटलं, म्हाताऱ्या वेडावून दाखवतायत एकमेकींना.

ता. क.
काच दुहेरी होती.
तरी ग्वेंडाचा आवाज मला स्वच्छ ऐकू आला.
आताचा नाही, दम्याने खाल्लेला.
विशीतला.
गिरणी सुटल्यावर रस्त्यात ऐकू यायचा, तो.
काचेतून काही येत नव्हतं, हे मला कळतं.
तुम्ही शिकलेले आहात.
हे कुठे लिहितात?"