दुसरा मनोरा

बारा वर्षं झाली, बस घेऊन गोव्याला जातोय.
शुक्रवारी रात्री सात रस्त्यावरून सुटायचं,
शनिवारी ऊन चढायच्या आत जुनं गोवं.
वेगळा गाइड मालकाला परवडत नाही,
म्हणून स्टिअरिंगही माझं अन् जीभही माझीच.

पाठ आहे सगळं.
हे बॉम जेझूस, ह्याला बाहेरून गिलावा नाही, लाल चिरा उघडाच.
हे से कॅथेड्रल. मनोरे दोन होते, त्यातला एक पडला,
म्हणून ती बाजू अशी दिसते,
फोटोतून एक माणूस कापून काढल्यासारखी.
टेकडीवरचा तो अर्धा बुरूज ऑगस्टिनवाल्यांचा.
मागच्या सीटवरच्या बायका विचारतात, चपला काढायच्या का ओ?
मी म्हणतो, नाही. पण हळू बोला.

रायबंदरला काएतान फुर्तादचं सहा खोल्यांचं लॉज,
तिथंच आमची बस मुक्कामाला.
त्याच्या सोप्यातल्या बाकावर सोलापुरी चादर,
मोराचा पिसारा बसून बसून पुसट झालेला.
यंदा ऑगस्टात गिऱ्हाईक नव्हतं.
काएतान माझ्या शेजारी येऊन बसला न् म्हणाला,
चल, आता तुझं शहर दाखव.

सकाळी साडेसहाला उतरलो
आणि माझं तोंड बंद.

किल्ल्यापाशी म्हणलं, हा भुईकोट.
म्हणजे?
म्हणजे भुईवर आहे.
कुणी बांधला?
गवंड्यांनी असेल, म्हणलं. दुसरं काही आठवेना.
बत्तीस खांबी वास्तूत आम्ही खांब मोजले,
त्याचे एकतीस भरले, माझे तेहतीस.
परत मोजू म्हणाला. नको म्हणलं, भूक लागली.

सिद्धेश्वराच्या तळ्यापाशी त्यानं
न विचारता बूट काढले, मोजे घडी करून खिशात.
पाण्यातलं देऊळ बराच वेळ बघत राहिला.
मी मासे दाखवले. मासे तरी ओळखीचे.

इंद्रभुवनाच्या नक्षीखाली मान वर करून उभा होता,
आणि मला आठवत होती तिथली फक्त घरपट्टीची खिडकी,
सुट्टे नाहीत म्हणणारा बाबू.
बेचाळीस वर्षांत मी वर बघितलंच नव्हतं.

दुपारी घरी. कडक भाकरी, शेंगाचटणी.
वहिनी विड्या वळत होती, हाताकडे न बघता,
सीरियल बघत.
काएताननं फोटो काढला तो तिच्या बोटांचा.
एमिटि ओ, म्हणाली ती, किल्ला बंद होता का आज?

परतताना मिलवरून गाडी घेतली. रस्ता जवळचा, एवढंच कारण.
कुंपणाच्या आत एक चिमणी, बाभळीत कमरेपर्यंत बुडलेली.
काएतान म्हणाला, थांब.
खाली उतरला.
हिच्या जोडीची कुठंय?

आणि काय झालं कळलं नाही,
जुन्या गोव्यात लागतो तो आवाज मला लागला.
हे बघा, म्हणलं, इथून भोंगा व्हायचा,
त्यावर अख्खी पेठ घड्याळ लावायची.
इथं लूम खातं. चार नंबरच्या रांगेत येलदी नरसय्या,
म्हणजे माझा बाप.
घरी यायचा तेव्हा भुवयांवर कापूस,
आम्ही पोरं तो फुंकर मारून उडवायचो.
मिल बंद पडली तरी सहा महिने डबा घेऊन निघायचा,
कंबर तलावाच्या काठाला बसून खायचा,
पाळी सुटायच्या वेळेला बरोबर दारात.
भुवया मात्र काळ्या. आईनं ओळखलं होतं,
डबा भरायचं तिनंही थांबवलं नाही.

हे मी कुणाला सांगितलं नव्हतं.
बसमधल्या कुणाला तर नाहीच.

काएतान जरा वेळानं म्हणाला,
इथं हळू बोलायचं का?

तेवढ्यात गेटावरनं वॉचमन ओरडला,
ओ, काय बघूलालाव बे तिथं?

मनोरा, म्हणलं.

त्यानं आम्हा दोघांकडे बघितलं, वर बघितलं,
तंबाखू थुंकला, साखळी सैल केली.
पाचच मिनिटं हं.
आत कुत्री हायत.