तीन चाकांचे ब्रेक

बारतांगच्या उतारावर पेडल
थेट तळाला गेलं,
लोण्यात बोट जावं तसं.
बापाने जीप दरडीला घासत थांबवली,
मी उडी टाकून चाकापुढे धोंडा सारला.

मागच्या चाकाची नळी फुटलेली.
त्याने ती दुमडली, हातोडीने चेपली,
वर पक्कड आवळून तारेने बांधली.

"दाब," गाडीखालून आवाज.
"धर."
"सोड."

मॉस्कोचं तिकीट काढल्यापासून
नऊ दिवसांत माझ्याशी
एवढंच बोलला.

आधी फसफसली हवा,
मग नुसतं तेल.
पेडल पायाला टणक लागलं.

"तीन चाकांवर जाईल," हात पुसत म्हणाला,
"हळू हाक."
आणि स्वतः शेजारी बसला,
धोंडा मांडीवर घेऊन.