सुलट बाजू

दुकानातल्या पोरानं फोनवर बजावलंय,
काकू, एका स्लाइडचे पंधरा रुपये,
पुसायची असेल तर वर पाच.
आधी निवडून आणा. एकासारखी एक असेल ती काढा.
सगळ्या एका दिशेनं लावा,
बुरशीच्या वेगळ्या.

म्हणून एप्रिलच्या दुपारी
पंखा बंद करून बसलेय.
पंखा लावला की धूळ उडते,
आणि आमच्या पूर्व भागात धूळ म्हणजे
निम्मी सुताचीच.

मोबाइलचा पडदा पांढरा केलाय,
वर श्रीखंडाच्या डब्याचं दुधी झाकण.
त्यावर एकेक स्लाइड ठेवायची, वाकायचं,
पदराचं टोक जपायचं.
अकराशे चाळीस.
खोक्यांवर नायनांच्या हातचं: चादर. चादर. चादर.
एकाच खोक्यावर: सहल.
त्यात सहल नाही, त्यातही चादरीच.

नायना फोटोवाले नव्हते.
कारखान्यात आलेखाच्या कागदावर चौकोन भरायचे,
लाल, रिकामा, लाल, लाल, रिकामा,
की महिन्याभरात त्याचा मोर व्हायचा.
मालकांनी कॅमेरा आणला तो
परदेशच्या एजंटाला नमुने पाठवायला,
आणि दिला ज्याचा हात थरथरत नाही त्याला.
रविवारी तो घरी यायचा.
गच्चीवर चादर उभी धरायची, ऊन तिरपं असताना.
आम्हा पोरांना गच्चीवर बंदी.
आमचा एकही फोटो नाही.

सोलापुरी चादरीला उलट-सुलट नसतं.
इकडे पांढऱ्यावर लाल मोर,
तिकडे लालवर पांढरा. कशीही अंथरा.
स्लाइडला मात्र एकच बाजू सुलट,
आणि नायनांनी सगळ्या काचेत बसवलेल्या,
दोन्हीकडून सारख्याच चकाकतात.
मोर डावीकडे बघत होता की उजवीकडे,
आता कुणाला विचारू?

चौकटीवर पेन्सिलनं बारीक काहीतरी आहे, तेलुगूत.
तेलुगूत मी भांडते, भाव करते,
झोपेत बडबडते म्हणे,
पण वाचता येत नाही. माझी शाळा मराठी.
मागच्या गल्लीतल्या मल्लेशमकाकांना बोलावलं.
त्यांनी भिंग काढलं, चहा मागितला, वाचू लागले.
मोर, नंबर सत्तावीस.
कमळजाळी, निळा बाद.
मग एक बराच वेळ डोळ्यांपाशी धरली:
"पुन्हा काढणे. हात दिसतो."
पुढचीही तीच. हात दिसतो.
हात दिसतो. बोटं आली.
एकीवर नुसतंच: "अगं!"

मी त्यांचा वेगळा ढीग लावत होते,
टाकून द्यायच्यांचा.
त्रेसष्ट झाल्या.

काका गेल्यावर एक झाकणावर ठेवली.
चादरीच्या वरच्या कडेवर चार बोटं, एक अंगठा,
चादरीखाली पावलं, टाचा उचललेल्या.
बुटकी होती ना.
नख मधोमध दुभंगलेलं.
धोट्यानं फोडलेला तो अंगठा
माझ्या वेण्या घालताना केसांत अडकायचा,
मी ओरडायचे, ती आणखी घट्ट ओढायची.
डावा. नक्की डावा.
चादर अंगासमोर, बोटं आमच्याकडे वळलेली,
म्हणजे अंगठा उजव्या कडेला यायला हवा.
स्लाइड फिरवली.
मोर वळला.

आता अशा लावतेय सगळ्या,
मोराकडे न बघता.

पोराचा परत फोन. किती झाल्या?
त्रेसष्ट.
बाकीच्या?
बाकीच्या चादरी आहेत.
आणि या?
याही चादरीच, म्हटलं.
तो म्हणाला, कडेला काही नको ते आलं असेल
तर कापून देतो, त्याचे पैसे नाहीत.
कापू नकोस रे, म्हणाले,
जरा जोरातच, मग उगाच त्याला
जेवलास का विचारलं.

खाली ओरडा झाला. पाणी आलं,
पाचव्या दिवशी आलं, तासभर राहील.
घागर, पिंप, बादल्या, मोटरचं बटण.
ओल्या हातांनी स्लाइडला शिवायचं नाही.
ती झाकणावर तशीच राहिली,
टाचा उचलून,
मोबाइल आपोआप विझेपर्यंत.