सत्राचा कालावधी

मालवणातल्या कॅफेत तासाला तीस रुपये पडतात,
म्हणून अर्ज मी आधी हातानं उतरवला,
शाळेतल्या जुन्या जर्नलच्या पाठकोऱ्या पानांवर.
उलट बाजूला कुणाचा तरी बेडूक, अर्धवट रंगवलेला.

जागतिक लोकविज्ञान परिषद.
गावाचं नाव मला नीट उच्चारता येत नाही,
आणि नकाशात तिथून समुद्र एक वीत लांब.

सादरकर्ती : आनंदी सारंग, वय साठ की बासष्ट.
संस्था? इथं मी पेन चावत बसलो,
मग लिहिलं, कालावलची खाडी.
माझं नाव खाली, सहाय्यक.
बावीस वर्षं पगाराच्या कागदावरही तेच आहे.

गोषवारा अडीचशे शब्दांत हवा.
तिचा गोषवारा चुलीमागच्या भिंतीवर आहे :
मुळ्यांच्या पाटीमागे कोळशाची एक रेघ,
चार उभ्या झाल्या की पाचवी आडवी.
वाळूच्या होड्या आल्या त्या सालापासून
रेघा विरळ होत गेल्यात.
तिनं कुणाला सांगितलं नाही. कुणी विचारलंही नव्हतं.
मी विचारलं ते वाटा लहान दिसला म्हणून,
भाव पाडायला.

मधली तीन वर्षं नाहीत.
थोरल्याचं लग्न निघालं, घर रंगवलं.
"चुनो लायलो तेवा मी बाजारात होतंय."
एका रात्री बॅटरीच्या उजेडात आम्ही सुरीनं खरवडून पाहिलं.
चुना सुटला, रेघांसकट सुटला,
तिच्या पदरात पांढरा चुरा.
अर्जात 'मर्यादा' असा एक रकाना आहे.
मी लिहिलं, तीन वर्षं चुन्याखाली.
तिनं ऐकून घेतलं. "खोटां वाटात काय त्यांका?"
म्हटलं, आनंदीबाई, खोटं वाटू नये म्हणूनच तो रकाना असतो.

कालावधी पंचेचाळीस मिनिटं किंवा नव्वद.
"थंय सुकती किती वाजता?"

तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ,
पंचमी, पावणेचार,
पेरांवर अंगठा फिरतो तिचा
आणि माझा मोबाइल अजून गोल फिरवत असतो.
त्या गावाला तिथी आहे. चंद्रही असणार.
पण समुद्र नाही म्हटल्यावर ती बराच वेळ गप्प झाली,
पाटी पालथी घालून तिच्यावर बसली.
"मगे ते लोक सकाळी उठतत कित्याक?"

श्रोत्यांनी जाताना काय घेऊन जावं, हाही एक प्रश्न.
पाय, म्हणाली.
टाच चिखलात रोवून हळू फिरवायची.
दगड लागतो तो वेगळा, जिता मुळा वेगळा,
मेलेला पोकळ लागतो, रिकाम्या डबीसारखा.
ह्यां शिकवूक येता. पण चपलां काढूक होयी.
साहित्याच्या रकान्यातला प्रोजेक्टर मी खोडला.
लिहिलं, दोन घमेली ओला चिखल,
श्रोत्यांनी अनवाणी यावं.

मुदत रात्री बारापर्यंत, पण रात्र त्यांची.
आमच्याकडे पहाटेचे साडेचार.
कॅफे नऊला बंद, म्हणून मी बांधावर,
जिथं रेंजच्या दोन काड्या मिळतात तिथं,
अवस होती. मोबाइलच्या उजेडावर पाखरं.
सगळं भरून झालं तेव्हा पान पुढे जाईना :
शीर्षक राहिलं होतं. कमाल बारा शब्द.

बायका उतरल्या होत्या केव्हाच.
मी हाक मारली, नाव काय द्यायचं सत्राला?
लांबवर कपाळावरची एक बॅटरी माझ्याकडे वळली
आणि तिच्यासमोर एक हात उभा राहिला, पाची बोटं पसरून.
थांब म्हणाली, की पाच मिनिटं म्हणाली,
की नुसताच चिखल झटकला,
मला कळलं नाही.

चार सव्वीस.
पाणी अजून तिच्या गुडघ्याखाली जायचं होतं.